नऊ सामन्यांचा पासपोर्ट

आमच्या आणि शेजारच्या सोसायटीच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे. डोंबिवली पूर्वेला अशा भिंतींवर कुरडया, गोधड्या आणि लोकांची अब्रू असं सगळंच वाळत घालतात. संध्याकाळी पाणी यायच्या आधी पलीकडच्या काकू कढीलिंब निवडत तिथे उभ्या असतात, आणि मी दोरीवरचे कपडे काढायला म्हणून जाते.

"काय गं, काल रात्री बारा वाजता तुमच्याकडे कोण किंचाळत होतं?"

"आमचे चिरंजीव. फुटबॉलची मॅच बघत होते."

"दहावीचं वर्ष ना त्याचं? आणि त्या फुटबॉलमध्ये आपलं असतं तरी कोण?"

"आहे की एक. जपानी आहे."

"आपला म्हणतेस आणि जपानी म्हणतेस. एक काय ते ठरव."

"तीच तर गंमत आहे, काकू. अराता इझुमी नाव त्याचं. जन्म १९८२ चा, जपानातल्या शिमोनोसेकीचा. आई जपानी, वडील गुजराती. इकडचं नाव नीलकंठ खंभोलजा."

काकूंचा हात थांबला. "नीलकंठ? अगंबाई! म्हणजे घरातलाच निघाला की. लग्न कसं जमलं असेल गं आईबापांचं?"

"ते मला कसं माहीत असणार?"

"तू मुद्द्याचं कधी विचारतच नाहीस कोणाला. बरं, पुढे?"

"पुढे सिंगापुरात अल्बिरेक्स निगाटा नावाच्या टीमकडून खेळला. तिथून २००६ मध्ये कोलकात्याला, ईस्ट बंगालला आला. आणि मग आपल्या मुंबईत, महिंद्रा युनायटेडमध्ये."

"महिंद्राची टीम? ती तर आमच्या ह्यांनी कूपरेजला जाऊन बघितलीय. ऑफिस सुटलं की चर्चगेटला उतरून जायचे आणि शेवटच्या कर्जतने घरी. मी जेवण झाकून बसायची."

"२०१० ला बंद केली ती. पण हा त्याआधीच, २००९ मध्ये पुणे एफसीला गेला. टीम तेव्हा अगदी नवी, बालेवाडीला खेळायची. आय-लीगच्या पहिल्याच वर्षी तिसरा नंबर काढला त्यांनी. २०१२-१३ ला तर दुसरा."

"हा गोल मारायचा?"

"मारायचा, पण मूळचा मिडफिल्डर."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या सोसायटीतले काका."

काका त्यांच्या सोसायटीचे बारा वर्षं सेक्रेटरी होते. "पाण्याची तक्रार त्यांच्याकडे, वॉचमनचा पगार त्यांच्याकडे, गच्चीची किल्ली त्यांच्याकडे. प्रत्येक गोष्ट त्यांच्या हातातून जाणार, आणि दिवाळीत नवा रंग लागला की कौतुक कोणाचं? चेअरमनचं. मिडफिल्डरचं तसंच असतं. मागून चेंडू घ्यायचा, मान वर करून कोण मोकळा आहे ते बघायचं, त्याच्या पायाशी नेऊन द्यायचा. गोल तो मारतो, नाचतो तो."

"मग बिचारा चांगला असणार," काकूंनी निकाल दिला. "पण आपला कसा झाला ते नाही सांगितलंस."

"२००८ च्या शेवटी सरकारने नियम केला. भारताचा पासपोर्ट असेल तरच भारताकडून खेळायचं. वडील इथले, आजोबा इथले, ते काही चालत नाही. आणि आपल्याकडे दोन देशांचं नागरिकत्व नसतं, जपानही दोन-दोन ठेवू देत नाही. म्हणजे एक सोडायचाच."

"आणि ह्याने जपानचा सोडला?"

"सोडला. जगातल्या सगळ्यात वजनदार पासपोर्टांपैकी एक, काकू. त्याच्यावर अमेरिकेला फिरायला जायचं तर व्हिसाच्या मुलाखतीला उभं राहावं लागत नाही. तो दिला, आपला घेतला, आणि २०१३ ला निळी जर्सी घातली. तेव्हा विम कोव्हरमान्स नावाचे डच कोच होते भारताचे. परदेशात जन्मून भारतीय नागरिक झालेला असा पहिलाच फुटबॉलपटू होता हा."

"मग किती वर्षं खेळला?"

"२०१३ आणि १४. सगळे मिळून नऊ सामने."

काकूंनी काडी खाली टाकली. "नऊ? अगं नऊ सामन्यांत तर घरातले नातेवाईकसुद्धा ओळखायला लागत नाहीत! एवढा पासपोर्ट नऊ सामन्यांसाठी?"

"तो देताना त्याला आकडा कुठे ठाऊक होता? शिवाय वय तिशीच्या पुढे गेलेलं. मिडफिल्डरला नव्वद मिनिटं पळायचं असतं. दोन-चार वर्षं आधी जमलं असतं तर चित्र वेगळं असतं."

"जपानकडून नसता खेळला?"

"अवघड होतं. त्यांची लीग १९९३ ची, १९९८ पासून एकही वर्ल्ड कप चुकलेला नाही, २०२२ मध्ये तर जर्मनी आणि स्पेन दोघांना हरवलं. तिथे रांगच केवढी! पण मला विचाराल तर तेवढ्यासाठी कोणी पासपोर्ट बदलत नाही. इथे तो सहा-सात वर्षं राहिला होता. कोलकाता, मुंबई, पुणे. भाड्याची घरं केली, पावसातली मैदानं बघितली. राहता राहता माणूस इथला होतो."

"गेला नाही ना मग परत?"

"तेच तर. इंडियन सुपर लीगमध्ये, आयएसएलमध्ये, कोलकाता, पुणे, केरळ असं खेळला. आणि खेळणं थांबल्यावर कुठे आला माहितीये? आमच्या ह्यांच्या घणसोलीला."

"ऑफिसात?"

"ऑफिसात कशाला! तिथल्या कॉर्पोरेट पार्कात रिलायन्सने २०१५ पासून मुलांची फुटबॉलची निवासी शाळा काढलीय, यंग चॅम्प्स. देशभरातून मुलं निवडतात. त्यांचा कोच झाला. आमचे हे रोज ठाण्याला उतरून दहा नंबर प्लॅटफॉर्मकडे धावतात, ऐरोली, रबाळे, घणसोली. त्याच स्टेशनाबाहेर एक माणूस जपान सोडून येऊन दुसऱ्यांची पोरं घडवतो, आणि गाडीत कोणाला पत्ता नाही."

"असे आणखी आहेत का गं?"

"मुंबई सिटीकडे साय गोडार्ड म्हणून होता. आई जपानी, वाढला लंडनला, जपानच्या ज्युनियर टीममधून खेळलेला, तोही मिडफिल्डरच. २०२०-२१ ला मुंबई सिटी चॅम्पियन झाली तेव्हा टीममध्ये होता. पण कोरोनामुळे सगळे सामने गोव्यात, स्टेडियम रिकामी. मुंबईचा खेळाडू, पण मुंबईकरांसमोर खेळलाच नाही. आणि मग २०२५ च्या नोव्हेंबरात रायन विल्यम्स. ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून भारतीय झाला. त्याची आई मुंबईची, अँग्लो-इंडियन. तेव्हा पेपरवाल्यांना पुन्हा अराता आठवला. अधली दहा-बारा वर्षं पासपोर्ट सोडून दुसरा कोणी आलाच नव्हता."

काकू जरा गप्प झाल्या. त्यांचा धाकटा न्यू जर्सीला आहे. दोन वर्षांपूर्वी तिकडचा नागरिक झाला. पेढे वाटले होते त्यांनी, आमच्याकडेही भिंतीवरूनच आले होते.

"धाकट्याने पासपोर्ट परत केला ना, तेव्हा त्याला ते सर्टिफिकेट आलं, सरेंडरचं. मला फोनवर दाखवलं त्याने. जुन्या पासपोर्टवर शिक्का मारून दिला म्हणे, रद्द. त्यावर त्याचा अठराव्या वर्षीचा फोटो, ठाण्याच्या स्टुडिओत काढलेला. मी आणि हेच घेऊन गेलो होतो. पण त्याला ओसीआय तरी आहे. येतो-जातो, व्हिसा नको. ह्या मुलाला जपानने असलं काही दिलं असेल ना?"

"जपानचं असं कार्डच नाही. आपल्या पासपोर्टवर जपानला जायचं तर व्हिसा काढावाच लागतो."

"जन्मला तिथे जायला?"

"जन्मला तिथे जायला."

"आणि इथे ह्याला रस्त्यात बघितलं तर लोक मोमोवाला समजत असतील."

"समजत असतील."

"शहाणे आहेत लोक!" काकू एकदम उसळल्या. "आमच्या बिल्डिंगमध्ये बारा फ्लॅट. त्यातल्या सात घरांतली मुलं तिकडे. प्रत्येकाच्या सत्यनारायणाला गेलेय मी. इकडे येणाऱ्याला कोणी साधा चहा तरी पाजला का? नऊ तर नऊ. आमच्या सातांनी मिळून एक तरी खेळला का देशासाठी?" मग आवाज उतरवून म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला सांग, घणसोलीला कधी दिसला तर विचार म्हणावं."

"काय विचारायचं?"

"पश्चात्ताप होतो का ते."

"काकू, अनोळखी माणसाला असं कोणी विचारतं का?"

"का नाही विचारायचं? आमच्या धाकट्याला मी दर रविवारी विचारते."