वायफाय गेलं की नेट गेलं?

प्रत्येक सोसायटीत एक सेक्रेटरी असतो, पार्किंगवरून भांडणारा एक असतो आणि अलीकडे एक नेटवाले काका असतात. सेक्रेटरीला निवडून यावं लागतं. नेटवाल्या काकांना कुणी निवडलेलं नसतं. कुठल्या तरी घरचा राउटर रुसतो, हे सहज म्हणून डोकावतात, तो चालू होतो आणि त्या संध्याकाळपासून हा माणूस बिल्डिंगच्या मालकीचा होतो.

आमचे काका डोंबिवलीचे. साठी ओलांडलेली, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात टेस्टर, छोटी बॅटरी आणि एक डायरी. उभी नोकरी टेलिफोन खात्यात. बीएसएनएलच्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी ७८ हजारांहून अधिक माणसं घरी गेली, त्यांतले हे एक. मार्चअखेर टाळेबंदी लागली, घरोघरी ऑफिसं नि शाळा भरल्या आणि बिल्डिंगनं काकांना परत कामावर घेतलं. बिनपगारी. तांब्याची तार जाऊन काचेची आली तरी काकांची भाषा खात्याचीच राहिली. त्यांच्या डायरीत तक्रार ‘बुक’ होते आणि ‘फॉल्ट क्लिअर’ झाल्याशिवाय पान उलटत नाही.

त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला.

“काका, नेट गेलंय.”

“वायफाय गेलं की नेट गेलं?”

“सगळंच गेलंय हो!”

“फोनवर वायफायची खूण दिसते ना, वहिनी? मग वायफाय आहे. नेट गेलं.”

वायफाय म्हणजे राउटरपासून फोनपर्यंतचा घरातला मामला आणि नेट म्हणजे भिंतीपलीकडून जे येतं ते, हा फरक काका कित्येक वर्षं समजावताहेत. बिल्डिंगनं तो अजून मान्य केलेला नाही. पण निम्मं निदान इथेच होतं. लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८ नं सुरू होत असेल तर राउटरशी बोलणं झालेलं आहे. १६९.२५४ दिसला, की राउटरनं पत्ता दिलेलाच नाही आणि लॅपटॉपनं बिचाऱ्यानं स्वतःच एक ठरवून घेतलाय. असा आकडा दिसला की काका “घरात दुसरा राउटर कुणी लावलाय?” असं विचारतात आणि बहुतेक वेळा आतल्या खोलीतून एक कॉलेजातला मुलगा खाली मान घालून बाहेर येतो.

पुढची पायरी दिव्यांची. हिरवे दिवे लुकलुकत असले की काका प्रसन्न. एलओएस लिहिलेला लाल दिवा लागला की ते खुर्चीवरून उठतात, कारण त्याचा अर्थ बाहेरून प्रकाशच येत नाहीये. आमच्याकडे फायबर गच्चीवरून गच्चीवर लोंबत जाते. त्यामुळे गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची माणसं, संक्रांतीच्या सुमारास पतंगवाली पोरं आणि बारा महिने उंदीर, असे तीन संशयित काकांच्या यादीत कायमचे आहेत.

पण त्यांचा खरा हंगाम दिवाळीच्या साफसफाईचा. राउटरमागची ती पिवळी वायर सैल लोंबकळत असते आणि हे कोणत्याही सुगृहिणीला बघवत नाही. मग तिची छान घडी घालून तिला रबरबँड लावला जातो. काचेची तार घट्ट वळवली की वळणावर प्रकाश बाहेर सांडतो, वेग ढेपाळतो, कधी लाल दिवाही लागतो. काका रबरबँड सोडतात, वायरीला ताटलीएवढं गोल वेटोळं देतात आणि म्हणतात, “वहिनी, हिला आवरू नका. ही पसाऱ्यातच बरी असते.” एका घरी आजींनी राउटरला क्रोशाचं झाकण विणलं होतं, मोत्यांची झालर लावून. राउटर तापून दर दुपारी बंद पडत होता. आजींना ते सांगायचं कसं, या विचारात काकांनी एक पूर्ण चहा घालवला आणि शेवटी “इतकं सुंदर काम राउटरवर वाया जातंय, टीव्हीवर घाला” असं सुचवलं. टीव्ही भिंतीवरचा होता. आजींनी ते झाकण काकांनाच दिलं.

इथे मला काकांचं मोठेपण सांगायचंय. निम्म्याअधिक वेळा बिघाड असा नसतोच. इस्त्रीसाठी कुणीतरी प्लग काढलेला असतो, बटण बंद असतं, किंवा सेटटॉप बॉक्सचा अडॅप्टर राउटरला लावलेला असतो. पिन बसली म्हणजे अडॅप्टर जुळला असं नव्हे. बारा व्होल्ट मागणाऱ्या राउटरला पाच व्होल्ट दिले तर तो दिवे मिचकावण्यापलीकडे काय करणार? पण तोवर घरात वातावरण तापलेलं असतं. नवऱ्यानं कंपनीच्या माणसाला फोनवर झापलेलं असतं, मुलानं परीक्षेच्या अर्जाची शेवटची तारीख सांगून रडं काढलेलं असतं, सासूबाईंनी “मी तर त्या डबड्याला हातही लावत नाही” असं तीनदा सांगितलेलं असतं. अशा वेळी “बटण बंद आहे” हे सत्य बोलणारा माणूस त्या घरात पुन्हा चहा पिऊ शकत नाही.

काका बोलत नाहीत. गुडघ्यानं टेबल सरकवतात, त्यात हळूच बटण दाबतात आणि मग लॅपटॉपवर १९२.१६८.१.१ उघडून दहा मिनिटं गंभीर चेहऱ्यानं बसतात. काहीही करत नसतात. मग मान हलवून म्हणतात, “सेटिंग जरा हललं होतं. झालं.” सगळं घर सुटकेचा श्वास सोडतं. दोष कुणाचाच नाही, सेटिंगचा! पाच-पंचवीस कुटुंबांची शांतता या एका वाक्यावर टिकून आहे.

दुसऱ्या मजल्यावर रोज साडेबाराच्या सुमारास मुलाची ऑफिसची मीटिंग तुटायची. कंपनीचा माणूस दोनदा येऊन सगळं ठीक असल्याचं सांगून गेला. काका स्वयंपाकघरात बसून राहिले. साडेबाराला आमटी मायक्रोवेव्हमध्ये गेली आणि मीटिंग तुटली. मायक्रोवेव्ह आणि जुनं वायफाय दोघंही २.४ गिगाहर्ट्झच्याच आसपास वावरतात. भट्टीतून थोडी गळती झाली तरी राउटरचा आवाज दबतो. काकांनी लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर टाकला. तो पट्टा भिंतींपुढे लवकर दमतो, पण आमटीशी त्याचं वैर नाही.

मग त्यांनी पूर्ण बिल्डिंगचीच पाहणी केली. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. आमच्याकडे जवळजवळ सगळे सहावर बसलेले. काकांनी मजल्यावार वाटप केलं. पार्किंगचं वाटप आमच्याकडे सात सर्वसाधारण सभांत झालं नाही, हे एका रविवारी पार पडलं, कारण कुणाला कुठली जागा मिळाली ते दिसतच नव्हतं.

या कामापायी त्यांना सगळ्यांचे पासवर्ड ठाऊक आहेत. पासवर्डावरून घरात कुणाची सत्ता आहे हे कळतं, असं त्यांचं मत आहे. नातवाचं नाव असलेली घरं सर्वाधिक, त्याखालोखाल स्वामी समर्थ. नवऱ्याचं नाव त्यांना अजून कुठे आढळलेलं नाही.

त्यांना हार मानावी लागते ती एकाच माणसापुढे, सुट्टीला आलेल्या सॉफ्टवेअरवाल्या जावयापुढे. हा गृहस्थ टाचणी घेऊन राउटरच्या पाठीतलं बारीक भोक दाबतो. त्यानं राउटर ताजातवाना होत नाही, विसरभोळा होतो. वायफायचं नाव, पासवर्ड, काही ठिकाणी कंपनीनं भरलेलं लॉगिनही पुसलं जातं. सासुरवाडीत जावयाला कोण बोलणार? काका एवढंच म्हणतात, “जावईबापूंनी मूळपदाला नेलंय,” आणि केबलवाल्या पोराला फोन लावतात.

दोष त्यांच्यातही आहेत. साध्या कामाला ते तास लावतात, कारण मधे १५ ऑगस्ट १९९५ येतो. त्या दिवशी विदेश संचार निगमनं देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. तिथून काका मोडेमच्या किंचाळण्यावर जातात आणि ती किंचाळी तोंडानं काढून दाखवतात. ती येऊ लागली की समजावं, काम झालेलं आहे, माणसाला फक्त जायचं नाहीये. तेव्हा उठवू नये.

तुमच्याही सोसायटीत असे काका असतील. त्यांना हाक मारण्याआधी राउटर बंद करून अर्धं मिनिट थांबा, मग चालू करा. लाल दिवा असेल तर आधी पिवळ्या वायरीची घडी सोडून बघा. तरीही तो राहिला तर थेट कंपनीला फोन करा, त्यात काकांनाही काही करता येत नाही. आणि बटणच बंद सापडलं, तर गुपचूप चालू करा आणि घरच्यांना सांगा, सेटिंग हललं होतं.