वरबापास खुले पत्र : तक्रार तुमची, सुपारीही तुमचीच

श्रीयुत वरबाप सोयरे यांसी,
मु. पो. वडवणी, जि. बीड.

तुमच्या थोरल्या चिरंजीवाच्या लग्नातलं जेवण झकास होतं. बुंदी ताजी, वांग्याची भाजी झणझणीत, आग्रह भरपूर. मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा होता आणि अक्षता पडल्या तीनच्या पुढं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आपल्याकडं मुहूर्त पत्रिकेत छापण्यासाठी असतो.

पत्राचं कारण वेगळं आहे. पंगतीत तुम्ही आमच्या ओळीपाशी आलात आणि म्हणालात, "आमच्या वेळची गाणी म्हणजे गाणी होती. आता नुसता धांगडधिंगा." मला ऐकू आलं नाही म्हणून तुम्ही तेच पुन्हा ओरडून म्हणालात. ऐकू न येण्याचं कारण मंडपाच्या तोंडाशी पिकअपवर उभं होतं. खाली बेस, वर टॉप, त्यावर लेझर आणि मागं धूर ओकणारा जनरेटर. त्या डीजेची सुपारी कोणी दिली हे गावाला माहीत आहे.

गाण्याचा सत्यानाश कोणी केला हे शोधायला लोक मुंबईला जातात, संगीतकारांना धरतात, रील करणाऱ्या पोरांना शिव्या घालतात. मला आरोपी फेटा बांधून, हातात बुंदीचं ताट घेऊन भेटला.

आधी तुमची 'वेळ' ठरवून घेऊ. तुमचं वय पाहता ती ऐंशीच्या दशकातली. तेव्हा टपरीटपरीवर टेपरेकॉर्डर होता आणि त्यात आनंद शिंदे यांचं पोपटाचं गाणं होतं. त्या पोपटाचा पक्षिशास्त्राशी किती संबंध होता, हे तुम्ही मला सांगायची गरज नाही. पडद्यावर दादा कोंडके होते. महेंद्र कपूर आणि उषा मंगेशकर यांच्यासारखे गळे त्यांच्यासाठी गायचे आणि त्या गाण्यांचा दुसरा अर्थ तुम्हाला पहिल्याच्या आधी कळायचा. तुमच्या वडिलांना प्रल्हाद शिंदे यांचा विठ्ठल हवा होता, तुम्हाला त्यांच्याच मुलाचा पोपट हवा होता. आज दोन्ही तुमच्या मोबाइलात 'जुनं ते सोनं' या एकाच यादीत शेजारी बसलेत. चाळीस वर्षं थांबलं की पोपटालाही सोन्याचा मुलामा चढतो. अलीकडच्या 'गुलाबी साडी' या गाण्यालाही चढेल. तुमचा नातू तेव्हा पंगतीत उभा राहून काय बोलेल ते मला आत्ताच ऐकू येतंय.

तुमच्या आधी हीच तक्रार करणारे फार मोठे लोक होऊन गेले. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे आपले मराठी गृहस्थ १९५२ साली नभोवाणी मंत्री झाले. सिनेमाची गाणी त्यांना उथळ वाटत. त्यांच्या कारकिर्दीत ती आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला आणि अमीन सयानी यांच्या गीतमालेला कान दिले. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला सरकारलाच विविध भारती सुरू करावी लागली. म्हणजे ज्या काळातली गाणी तुम्ही रोज सकाळी फुलांच्या चित्रासह व्हॉट्सॲपवर पाठवता, त्या काळात त्यांना सरकारी रेडिओच्या दारात उभं करत नव्हते. केसकरांवर अन्याय नको म्हणून हेही सांगतो, की त्यांच्याच कारकिर्दीत, १९५५ च्या एप्रिलपासून, पुणे केंद्रानं आठवड्याला एक याप्रमाणं गीतरामायण ऐकवलं. माडगूळकरांचे शब्द, फडक्यांची चाल, छप्पन्न गीतं. पण केसकरांत आणि तुमच्यात एक मोठा फरक आहे. त्यांना जे नको होतं ते त्यांनी लावलं नाही. तुम्ही नावंही ठेवता आणि पैसे मोजून लावताही.

रिमिक्सवर तुमचा विशेष राग. जुन्या चाली पळवतात म्हणे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं तेव्हा कानडी पदांच्या, लावण्यांच्या, साकी-दिंडीच्या चाली घेऊन त्यांवर नवे शब्द बसवले होते. आज आपण त्याला अभिजात म्हणतो. एवढं लांब कशाला, शेजारच्या माजलगावात चला. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या गटानं महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यात १९९६ साली माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत. जातं जुनं, चाल आजीची आणि शब्द स्वतःचे, ताजे, ताठ मानेचे. उसनी चाल घेऊन कोणी लहान होत नाही. तिच्यावर काय बसवलं ते बघायचं असतं.

आता आजच्या गाण्यांकडं येतो. २०१६ साली 'सैराट'साठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन सिंफनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. करमाळ्याकडच्या पोरापोरीच्या प्रेमाला व्हायोलिनांचा एवढा मोठा ताफा लावायची हिंमत तुमच्या सुवर्णकाळातल्या कुठल्या निर्मात्यानं केली होती? याच जोडीनं २०२२ साली 'चंद्रमुखी'साठी श्रेया घोषाल यांच्याकडून अशी लावणी गाऊन घेतली, की बैठकीच्या जाणकारानंही मान हलवावी. 'सैराट'ची गाणी आणि ही लावणी, दोन्ही तुमच्या वरातीत वाजलं. मी कान देऊन ऐकत होतो. व्हायोलिन ऐकू आलेला एक पाहुणा मला दाखवा, मी तुमची जाहीर माफी मागतो. मिक्सरवर खालचे सूर एवढे चढवले, की त्याखाली गळा बुडतो, शब्द बुडतात, ढोलकीची शाई बुडते. मग लावणी असो, भीमगीत असो, देवीचा गोंधळ असो की महेंद्र कपूर असोत, छातीवर आदळतो तो एकच गुद्दा. पत्रे थरथरतात, म्हातारी माणसं उठून मारुतीच्या देवळामागं जाऊन बसतात, आणि तुम्ही निकाल देता की हल्ली सगळी गाणी सारखीच झालीत. सारखी ती नाहीत हो, सारखा तुमचा बेस आहे.

आणि या गाण्यांना तुम्ही किती मोजलेत? काही नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात लग्नाला आणि वरातीला सूट आहे. कवीची परवानगी लागत नाही, संगीतकाराला मानधन द्यावं लागत नाही. सूट योग्यच आहे, पोरीच्या लग्नात बापानं वकील कुठं शोधत बसावं? पण तुमचा हिशेब बघा. पैसे गेले पिकअपच्या भाड्याला, जनरेटरच्या डिझेलला, बेसच्या संख्येला. गाण्याच्या वाट्याला छदाम नाही. फुकट मिळालेल्या मालाचा दर्जा घसरला म्हणून बोंब मारणारं गिऱ्हाईक मी वडवणीच्या आठवडी बाजारातही पाहिलेलं नाही.

पूर्वी लग्नात पैसे हलगीवाल्याच्या, सनईवाल्याच्या, संबळवाल्याच्या हातात पडत. थोडे पडत, पण वाजवणाऱ्याच्या हातात पडत. आता इथं मला तुमच्या 'आमच्या वेळी'बद्दल थोडं कडू बोलावं लागेल. त्या वेळी हलगीवाल्याला पंगती उठल्यावर, शेवटी, बाजूला बसवून वाढत. त्याच्या कलेचं कौतुक आणि त्याच्या जातीचा विटाळ तुम्ही एकाच मांडवात पाळलात. त्याच्या पोरानं हलगी खुंटीला टांगली असेल तर मी त्याला बोल लावणार नाही. तो पोरगा कर्ज काढून डीजेचा मालक झाला असेल, तर आगाऊ इसार घेतो, खुर्चीवर बसून जेवतो आणि तुम्ही त्याला 'शेठ' म्हणता. हे चांगलंच झालं. वाईट एवढंच, की माणसाला मान द्यायला तुम्हाला एवढ्या मोठ्या आवाजाची गरज लागली. हलगीसकट दिला असता तर हलगीही राहिली असती.

कायद्याचं सांगत नाही. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालापासून आहे, रात्री दहानंतर बंदी आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून तर दहा वाजता तुम्ही 'शेवटचं एक' म्हणून आणखी बरीच लावलीत. बीडला रेल्वे यायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडला. डीजे मात्र भूसंपादनाशिवाय वाडीवस्तीवर पोचला.

तुमचा कान गेलाय असंही मी म्हणू शकत नाही. गावच्या सप्ताहात तुम्ही पहिल्या रांगेत असता. पखवाजाची थाप इकडची तिकडं झाली तर कपाळाला आठी पडते ती तुमच्याच. पखवाजवादक शंकरबापू आपेगावकरांच्या जिल्ह्यातला माणूस, पडणारच. तिथं कीर्तनकार बोलायला लागला की तुम्ही पोराला डोळ्यांनी गप्प करता. मग हळदीच्या रात्री तुमच्याच भावजया आणि बहिणी नवरदेवाला हळद लावताना गात होत्या, तेव्हा काय झालं? मी जवळ होतो म्हणून ओठ हलताना दिसले. तुमच्या आईचं नाव घेऊन त्यांनी काहीतरी गायलं. पुढचं डीजेच्या 'साउंड चेक'नं गिळलं. जात्याची जागा गिरणीनं घेतली, बायांचे हात सुटले, त्याचं दुःख करायचं कारण नाही. पण हळदीला गिरणी लागत नव्हती. 'आमच्या वेळचं' जे खरोखर जिवंत उरलं होतं, ते तुमच्या ओसरीत बसलेलं होतं आणि तुम्ही त्यावर जनरेटर सोडलात.

ऊसतोडीला गेलेली माणसं परतली की पुढच्या उन्हाळ्यात धाकट्याचा बार उडवणार असं ऐकतो. इसार देण्याआधी दोन विनंत्या आहेत. हळदीच्या रात्री जनरेटर येऊ देऊ नका, बायांना गाऊ द्या आणि बाप्यांना ऐकायला बसवा. परण्याला हलगीवाले बोलवा, ते म्हणतील ती बिदागी घासाघीस न करता द्या आणि त्यांना पहिल्या पंगतीला बसवा. एवढं करून मग आजची गाणी टाकाऊ आहेत असं तुमचं मत झालं, तर सांगा. मी वाद घालीन, पण ऐकून घेईन.

आणि डीजेच लावायचा असेल तर खुशाल लावा, घर तुमचं, पोरगं तुमचं. फक्त पंगतीत माझ्यापाशी येऊन 'आमच्या वेळी' म्हणू नका. बुंदी वाढा आणि पुढं व्हा.

आपला,
मुलीकडचा एक पाहुणा