खेचरांची सोय

उंब्रियातलं ओर्व्हिएतो ज्वालामुखीच्या खडकावर, सरळ तुटलेल्या कड्यावर वसलंय. सहकुटुंब फारच रम्य: पोरांना आइस्क्रीम रम्य, सासूबाईंना बाकडं. १५२७मध्ये रोम लुटलं गेल्यावर पोप सातवा क्लेमेंट इथे पळून आला. वेढा पडला तर पाणी हवं, म्हणून त्याने विहीर खोदायला लावली. तिला प्रत्येकी २४८ पायऱ्यांचे दोन गोल जिने. पाणी आणायला उतरणारं खेचर चढणाऱ्याला भेटतच नसे. खेचरांचा केवढा विचार! आम्ही मात्र सहाही जण एकाच जिन्याने, सहलीचं कुणी ठरवलं होतं यावर वाद घालत उतरलो. वर येताना ही म्हणाली, "यापेक्षा रायगड काय वाईट होता?" तिथे रोपवे आहे, हे मी बोललो नाही. धाप लागली होती.