बेकारी कोणाला परवडते

रोजगार मोजायचा तर आधी रोजगार कशाला म्हणायचे ते ठरवावे लागते, आणि भारतात ते बऱ्यापैकी सढळ हाताने ठरवलेले आहे. नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणाच्या (पीएलएफएस) साप्ताहिक पद्धतीत मागच्या सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास काम केलेला माणूस रोजगारात धरला जातो. 'नेहमीची स्थिती' पाहताना वर्षभराचा विचार होतो. तिथे मुख्य काम नसले तरी तीस दिवसांचे दुय्यम काम पुरते. मिळकतही विचारली जाते, पण बेकार कोण हे ठरवताना तिचे उत्तर लागत नाही. एका तासाची ही रीत आंतरराष्ट्रीय आहे आणि बेकारभत्ता देणाऱ्या देशांत ती शोभते. भत्ता नसलेल्या देशात बेकार राहायचे तर घरचे बरे असावे लागते. म्हणूनच निरक्षरांमध्ये बेकारी जवळपास नाही आणि पदवीधरांमध्ये ती भरपूर आहे.

एसटी स्टँडबाहेरची वडापावची गाडी घ्यावी. गाडीवर उभा असलेला मालक स्वयंरोजगारात, संकेतांक ११. त्याची बायको पहाटे उठून बटाटे उकडते, लसणाची चटणी वाटते. तीही रोजगारात, संकेतांक २१, म्हणजे घरच्या धंद्यातली मदतनीस. तिला पगार नाही, संकेतांक आहे. तीच चटणी त्याच पाट्यावर फक्त घरच्या भाकरीसाठी वाटणारी शेजारीण मात्र ९२, म्हणजे घरकाम, म्हणजे श्रमशक्तीच्या बाहेर. मालकाचा पोरगा पोलीस भरतीच्या मागे आहे. वर्षभर नोकरी शोधतो, संध्याकाळच्या गर्दीला पाव कापून देतो. असे तीस दिवस भरले की नेहमीच्या स्थितीनुसार त्याचीही बेकारी हटते. वडे पूर्वीइतकेच खपतात, रोजगार मात्र एकाने वाढतो.

जानेवारी २०१८ मध्ये पंतप्रधानांनी एका दूरचित्रवाणी मुलाखतीत भजी विकून संध्याकाळी दोनशे रुपये घरी नेणाऱ्याचा दाखला दिला, तेव्हा त्यांची फार टिंगल झाली. सांख्यिकीच्या दृष्टीने ती अन्यायाची होती. उलट दोनशे रुपयांची अट त्यांनी पदरची घातली होती. व्याख्येत तीही नाही.

या व्याख्येचा सर्वाधिक लाभ स्त्रियांना झाला. पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा श्रमशक्तीतील सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेला. काम करणाऱ्या स्त्रियांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जणी याच बिनपगारी मदतनिसांच्या रकान्यात आहेत. त्यांचा पगार कोणी बुडवला असे म्हणता येत नाही, कारण तो ठरलेलाच नव्हता.

ऊसतोडीत नेमके उलटे होते. बीडकडून कारखान्यावर जाणारे नवरा-बायको मुकादमाच्या वहीत मिळून एक 'कोयता' असतात: उचल एक, हिशेब एक. पाहणीत मात्र तेच दोन रोजगार. मुकादमाच्या तुलनेत सरकार दुप्पट उदार आहे.

संघटित क्षेत्राच्या बाजूला भविष्य निर्वाह निधीचे आकडे आहेत. ते एप्रिल २०१८ पासून दरमहा प्रसिद्ध होतात आणि 'रोजगारनिर्मिती' म्हणून वाचले जातात. या निधीचा कायदा साधारणतः वीस कामगारांपासून लागू होतो. एकोणीस जणांच्या कारखान्याने विसावा माणूस ठेवला की जुन्या एकोणिसांचीही खाती उघडायची वेळ येते. ते दहा वर्षे त्याच यंत्रावर उभे असतील, तरी नोंदीत त्या महिन्यात जन्मतात. एका नेमणुकीत वीस रोजगार, तेही गुंतवणुकीशिवाय. असा भाव औद्योगिक परिषदांतल्या सामंजस्य करारांनाही मिळत नाही.

मोजणी कधी कधी अंगाशी येते. २०१७-१८ च्या पहिल्या पीएलएफएस अहवालात बेकारीचा दर ६.१ टक्के निघाला. अहवाल छापायचा राहिला, तेव्हा राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाचे कार्यकारी अध्यक्ष पी. सी. मोहनन आणि सदस्य जे. व्ही. मीनाक्षी यांनी जानेवारी २०१९ मध्ये राजीनामे दिले. त्याच महिन्यात आकडा वर्तमानपत्रात फुटला. अधिकृत प्रकाशन ३१ मे २०१९ रोजी झाले, म्हणजे नव्या मंत्रिमंडळाच्या शपथविधीच्या दुसऱ्या दिवशी. आकडेवारी शिजायला वेळ लागतो हे खरेच. ती नेमकी मतमोजणीनंतर शिजली इतकेच.

पुढे दर आपणहून सुधारला. २०१९-२० मध्ये ४.८, आणि टाळेबंदीनंतरच्या जुलै २०२० ते जून २०२१ या वर्षात ४.२. शहरातून हाकलले गेलेले लोक गावी परतले आणि भावाच्या दोन एकरांत हात लावू लागले. शेतीतल्या माणसांचे प्रमाण २०१८-१९ मधील ४२.५ टक्क्यांवरून दोन वर्षांत ४६.५ टक्के झाले. दोघांचे काम चौघांनी केले आणि चौघेही रोजगारात मोजले गेले. महामारीत बेकारी घटवण्याचा हा प्रयोग जगाला अजून नीट कळलेला नाही.

मे २०२५ पासून देशाच्या बेकारीचा आकडा दरमहा येतो. पहिल्या पत्रकात एप्रिलचा दर ५.१ टक्के होता. २०२३-२४ चा वार्षिक दर ३.२. पहिला साप्ताहिक पद्धतीचा, दुसरा नेहमीच्या स्थितीचा, आणि आपापल्या व्याख्येनुसार दोन्ही बरोबर. भाषणात बहुधा ३.२ वापरतात.