साहेब चिखलात गेलेत

अहो, ऐकलंत की नाही? नसेल ऐकलं तर जरा जवळ या. गोष्ट घरंदाज कुटुंबांतली आहे, आवाज चढवून सांगण्यासारखी नाही. आमच्या कोथरूडात पाहुण्यानं चपला बाहेर काढल्याशिवाय त्याला पाणीसुद्धा मिळत नाही. तर तिथले चांगले शिकलेसवरलेले, कर्जाचे हप्ते वेळेवर भरणारे पुरुष शनिवारी पहाटे उठून चिखलात पडायला जातात. चुकून नव्हे, ठरवून. पदरचे पैसे घालून. पडले की आधी फोटो काढतात, मग उठतात. आणि तो फोटो कुणाला पाठवतात? सासऱ्यांना!

पूर्वी वेधशाळेनं अतिवृष्टी सांगितली की घरातले पुरुष गॅलरीतल्या कुंड्या आत घ्यायचे, मेणबत्त्या शोधायचे. आता मोबाइलवर ऑरेंज अलर्ट झळकला की आमच्या सोसायटीच्या बी विंगमधून शीळ ऐकू येते. रेड अलर्ट आला तर मंडळी हिरमुसतात, कारण त्या दिवशी घाटवाटा बंद करण्याचे हुकूम निघतात. पण पाऊस कोसळून गेल्यावरच्या दुसऱ्या दिवसाची सर कशालाच नाही, असं जाणत्यांचं मत आहे. २०२४ च्या जुलैमध्ये ताम्हिणीत एका दिवसात ५५६ मिलिमीटर पाऊस झाला. पुणे शहरात सबंध वर्षाला सातशेच्या आसपास पडतो, त्यावरून काय ते समजा. सिंहगड रस्त्याला लोकांच्या घरांत पाणी शिरलेलं, होड्या फिरताहेत, आणि आमच्या जिन्यात एक गृहस्थ खालच्या आवाजात विचारत होते, "मुळशीकडचा रस्ता कधी उघडेल हो?" लाज नावाची चीज असते की नाही?

आता मंडळी कोण म्हणाल. दुसऱ्या मजल्यावरचे सीए. आयटीतले तिघे, त्यांना आम्ही अजून वेगवेगळं ओळखत नाही. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले एक काका. आणि एक अस्थिरोगतज्ज्ञ. हो, हाडांचे डॉक्टर! मंडळींच्या बायका म्हणतात, बरोबर डॉक्टर असलेला बरा. मी म्हणते, धंदा वाढवायची ही कुठली रीत? पहाटे साडेपाचला सगळे चांदणी चौकात जमतात. २०२३ मध्ये तिथला नवा पूल सुरू झाला, तो बहुधा या लोकांना गुळगुळीत डांबरावरून खड्ड्यापर्यंत लवकर पोचता यावं म्हणूनच.

पण यांना नादाला लावलं कुणी? तीही माहिती काढली आहे. २०११ मध्ये हीरो कंपनीनं इम्पल्स नावाची उंच मोटारसायकल आणली होती, तेव्हा कुणी फारसं ढुंकून पाहिलं नाही. संसार सुखाचे होते. मग २०१६ मध्ये रॉयल एन्फिल्डची हिमालयन आली, २०१९ मध्ये हीरोची एक्सपल्स आली, २०२० मध्ये केटीएमची अॅडव्हेंचर. खड्ड्यात घालण्याच्या गाड्या पगारदार माणसाच्या आवाक्यात आल्या आणि घरं बिघडली. केटीएम तर आपल्या चाकणलाच तयार होते, म्हणजे आग लावणाराही घरचाच. काकांना याबद्दल बोललं की ते दाकार रॅलीवर येतात. सी. एस. संतोष २०१५ मध्ये दाकारला उतरलेला पहिला भारतीय, हरिथ नोआनं २०२४ मध्ये तिथं रॅली-२ हा गट जिंकला, वगैरे सगळं तोंडपाठ. काका, ते आठ-आठ हजार किलोमीटर तुडवतात हो. तुम्ही गेल्या खेपेला पौडच्या पुढं बांधावरून घसरलात.

सगळ्यात मोठा घोटाळा मात्र वेगळाच आहे. हे लोक जातात कुठं? तर पाणंदीला. म्हणजे गावापासून शेतापर्यंत जाणारी ती मातीची वाट, जिच्यात बैलगाडीच्या चाकोऱ्या आणि पावसाळ्यात गुडघाभर राड असते. या पाणंदी पक्क्या व्हाव्यात म्हणून गावकऱ्यांनी अर्ज करकरून पिढ्या घालवल्या. आजारी माणूस खाटेवर घालून न्यायचा, ऊस फडातच अडकायचा, भाऊबंदकीत अर्धी वाट नांगरली जायची. शेवटी २०२१ मध्ये राज्य सरकारनं मातोश्रींच्या नावानं शेत-पाणंद रस्त्यांची योजना काढली. खडी पडायला लागली, रोलर फिरायला लागला. गाव सुखावलं. आणि आमचे सीए? ते सोमवारी ऑफिसात सुतकी चेहऱ्यानं बसले होते. काय झालं विचारलं तर म्हणे, "कोळवणकडची आपली ट्रेल मेली. मुरूम टाकला."

आपली! सातबारा कुणाचा, रडतंय कोण!

बरं, गाडीत काय काय करतात तेही ऐका. घरून निघताना पेट्रोलपंपावर टायरमध्ये तीस-बत्तीसपर्यंत हवा भरतात, आणि चिखल सुरू झाला की वीसच्या खाली येईपर्यंत ती स्वतःच्या हातानं सोडून देतात. विचारलं तर कारण तयार: हवा कमी असली की टायर पसरतो, दगडाला धरतो. परतताना डांबर लागलं की झाडाखाली बसून पायपंपानं पुन्हा भरायची. एबीएस नावाची सोय गाडीला असते, ब्रेक लावल्यावर चाक अडकू नये म्हणून. कायद्यानं सक्तीची केलेली. ती सोय मागच्या चाकापुरती बंद करायचं बटण मिळावं म्हणून हे लोक जास्तीचे पैसे देतात. आणि एवढी गुबगुबीत सीट घेऊन बसायचं म्हणाल तर नाही, फुटरेस्टवर उभं राहून चालवतात, एसटीत जागा असताना दांड्याला लटकावं तसं. त्यानं वजन फुटरेस्टवर जातं आणि गाडी पायांखाली मोकळी हलते, असं डॉक्टरांनी मला चहाच्या कपाखाली बशी हलवून दाखवलं. बशी फुटली. आमची.

चिखलाचीही यांच्यात प्रतवारी आहे. आपल्याला चिखल तो चिखल. यांना विचारा! सासवडकडची काळी माती म्हणे अगदी वाईट चालीची. पाणी पिऊन फुगते, टायरला चिकटते, टायरच्या खाचा बुजवते आणि थोड्या वेळात चाक मडगार्डात घट्ट बसवून टाकते. म्हणून तर यांतल्या काही गाड्यांचा पुढचा मडगार्ड चाकापासून वीतभर वर, चोचीसारखा. घाटमाथ्यावरचा तांबडा मुरूम वरून सज्जन दिसतो, पण पाऊस पडून गेल्यावर त्याच्यावर साय धरते आणि गाडी एका बाजूला, माणूस दुसऱ्या बाजूला. मावळात भातखाचरांच्या कडेचा गाळ मऊ, पण तळ लागत नाही. शेवाळ धरलेला कातळ सगळ्यांत बेकार, तिथं ब्रेकला हात लावलात की संपलंच. हे सगळं ते इतक्या प्रेमानं सांगतात की ऐकणाऱ्याला आंबेमोहोर आणि इंद्रायणीतला फरक ऐकल्यासारखं वाटावं. घरात यांना तांदळातला फरक कळत नाही, ही वहिनींची तक्रार वेगळी.

पडण्याविषयी तर बोलायलाच नको. मला वाटायचं, वेगात पडत असतील. कसलं काय! नव्वद टक्के पडणं उभ्या गाडीवरून. नव्या हिमालयनचं वजन १९६ किलो, सीट जमिनीपासून ८२५ मिलिमीटर वर, आणि मराठी माणसाचा पाय देवानं दिला तेवढाच. थांबले, पाय टेकवायला गेले, खाली चिखल, की सगळा डोलारा संथपणे, अगदी मान राखून आडवा होतो. मग तिघांनी मिळून तो उभा करायचा. दोघं उचलतात, तिसरा चित्रण करतो. परवा एकजण बीएमडब्ल्यूची जीएस घेऊन आला होता. वीस लाखांच्या घरातली गाडी, अडीचशे किलोच्या आसपास. ती एका वळणावर अशी काही रुतली की चार साहेब ढकलून थकले, क्लच जळल्याचा वास शिवारभर गेला. तेवढ्यात मागून एक आजोबा टीव्हीएस एक्सएलवर आले. गाडी नव्वद किलोंच्या आत, वर खताचं पोतं. "जरा बाजूला घेता का," म्हणाले आणि पाय सोडून टुकुटुकु निघून गेले. त्यांच्या अंगावर ना जॅकेट, ना गुडघ्याचं चिलखत. डोक्याला खताचीच रिकामी गोणी, तीही इस्त्री केल्यासारखी नीट घडी घालून.

चिलखतावरून आठवलं. सीएंच्या बुटांची किंमत पंचवीस हजार आहे हे त्यांच्या बायकोला माहीत नाही, आणि हे तुम्हाला मी सांगितलेलं नाही. बूट जलरोधक आहेत. म्हणजे ओढ्यात वरून पाणी आत शिरलं की ते दिवसभर आतच राहतं.

ओढा ओलांडणं हा या पंथातला मोठा संस्कार. गाव असल्या वेळी फरशी पुलाच्या अलीकडं थांबतं आणि पाणी उतरायची वाट बघतं. ही मंडळी आधी एकाला काठी देऊन पायी धाडतात, खोली बघायला. (बहुतेक आयटीतला धाकटा असतो.) तळ दिसत नसेल किंवा धारेला ओढ असेल तर परत फिरायचं, हा त्यांचा नियम चांगला आहे. एवढं एक मला मान्य करू द्या. मग पहिल्या गिअरमध्ये, एकसारखा रेस देत, मध्ये न थांबता जायचं. आणि एक जण दर वेळी मध्येच थांबतो. गाडी आडवी झाली, इंजिननं हवेच्या जागी पाणी ओढलं, तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. आतला दांडा वाकतो आणि गॅरेजचं बिल ताठ होतं. म्हणून काठावर बसून स्पार्क प्लग काढायचा, इंजिन फिरवून पाणी पिचकारीसारखं बाहेर उडवायचं. हे काम ते इतक्या हौसेनं करतात! घरातला नळ आठ महिने गळतोय.

गावांना हा प्रकार आता पुरता कळला आहे. एका वळणावरच्या पोरांनी दोराचा भाव ठरवलाय म्हणतात: लहान गाडी ओढून काढायला तीनशे, मोठी असेल तर पाचशे, आणि हसल्याबद्दल वेगळं काही घेत नाहीत. विहिरीवरच्या मोटारीला पाइप लावून गाडी धुऊन मिळते. पिठलं-भाकरीचं ताट सहा महिन्यांत दीडपट महाग झालंय. कुणी तर म्हणत होतं की पाऊस ओढ देतो तेव्हा त्या वळणावर रात्री कुणीतरी हळूच पाणी सोडतं. खरंखोटं देव जाणे. मी फक्त ऐकलेलं सांगते.

एका गोष्टीवर मात्र माझी जीभ खरोखर तिखट होते, तिथं मस्करी नाही. जुलैत लावणी चाललेली असते. बायामाणसं सकाळपासून कंबरेत वाकून एकेक रोप लावत असतात. त्या खाचराच्या बांधावरून कुणी एक शहाणा गाडी घालतो, बांध फुटतो, साठवलेलं पाणी खालच्या खाचरात, भांडण दोन घरांत. दुसरं म्हणजे सडे. वर कातळ, त्यावर बोटभर माती, आणि तेवढ्या मातीत वर्षातून काही आठवडे उगवणारी इवलीशी फुलं. एका चाकानं त्या मातीचा थर सोलला की पुढच्या पावसात उरलेलीही वाहून जाते. काही शौकीन याच्याही पुढं जाऊन अभयारण्याच्या हद्दीत घुसतात. ताम्हिणीचं जंगल २०१३ पासून अभयारण्य आहे, तिथं वनरक्षकानं अडवलं की "आम्ही निसर्गप्रेमी आहोत" म्हणतात. निसर्गप्रेमी! दंडाची पावती त्यांच्याच चिलखताला चिकटवून पाठवावी. आमच्या सोसायटीचे लोक असलं करत नाहीत, हे डॉक्टरांनी मला शपथेवर सांगितलंय, आणि बशीचं देणं असेपर्यंत मी त्यांच्यावर विश्वास ठेवणार आहे.

आणखी एक आतली बातमी. या सगळ्या पुरुषांत नीट चालवणारी एकच व्यक्ती आहे, ती म्हणजे सी विंगमधली सव्विशीतली मुलगी. जुनी एक्सपल्स, कुठून तरी सेकंडहँड घेतलेली. ती पडत नाही, ओरडत नाही, चित्रण करत नाही. चढाला पुढं जाते, गाडी लावते, चालत परत खाली येते आणि एकेका काकांची गाडी वर नेऊन ठेवते. काका लोक तिला "बेटा" म्हणतात आणि व्हिडिओतून कापून टाकतात. तिच्या आईला तिच्या लग्नाची काळजी. मी म्हटलं, अहो, मुलगा बघायला येईल त्याला आधी त्या चढावर पाठवा. वर पोचला तर पोहे.

तर एवढ्या सगळ्यावर सोसायटीनं काही करावं की नाही? सोमवारी सकाळी पार्किंगमध्ये मुळशी तालुक्याचा निम्मा गाळ पडलेला असतो. गटार तुंबलं, प्लंबर आला, त्यानं मातीला हात लावून विचारलं, "भात चांगलं होईल, इथं करता का?" शेवटी नोटीस निघाली: सोसायटीच्या पाण्यानं गाड्या धुऊ नयेत, चिखलाचे बूट लिफ्टमधून नेऊ नयेत, पहाटे पाचला गाडी गरम करत बसू नये. मंजुरीसाठी सभा बोलावली रविवारी सकाळी नऊला. शनिवारी संध्याकाळी आभाळ फाटलं, रात्रभर धो-धो कोसळलं आणि पहाटे लख्ख उघडलं. सभेला मी, प्लंबर आणि वॉचमन. अध्यक्षांचा फोन लागत नव्हता. ते ज्या खोऱ्यात होते तिथं रेंज नसते.