फुकटचा तानपुरा

ट्रान्झिस्टर १९४७ साली जन्मला आणि पुढे त्याने व्हॉल्व्हची कटकट मिटवली. आमच्या मेहुण्याने तीच कटकट लॅमिंग्टन रोडवर पैसे मोजून घरी आणली. १२एएक्स७ नावाचा अंगठ्याएवढा व्हॉल्व्ह, अडीचशे व्होल्टचा पुरवठा आणि टीपॉयवर सोल्डरचे कायमचे डाग. यातून त्याने जोडलेल्या प्रीॲम्पने आवाजाला म्हणे ‘ऊब’ येते. येईल की, नुसतं फिलामेंट तापवायलाच जवळजवळ दोन वॅट लागतात!

उद्‌घाटनाला भीमसेन जोशी लावले. मागून ५० हर्ट्‌झची अखंड गुणगुण. म्हटलं, “अरे, अर्थिंग बघ.”

“दाजी, तानपुरा समजा.”

हसा हवं तर. पण स्विच बंद केल्यावरही कॅपॅसिटरात वीज उरते. ती उतरवल्याशिवाय आत बोट घालू नका.