मोहाचं वय

अर्जातला तिसरा रकाना 'वय' असा होता. मी ठसठशीत अक्षरात ७१ लिहिलं. खिडकीपलीकडच्या पोरानं अर्ज वाचला, उलटा फिरवून माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, "सर, तुमचं नाही. झाडाचं."

मागे रांगेत तिघे होते, तिघेही माझे माजी विद्यार्थी. वर्गात कधी न दिलेलं लक्ष ते आता देत होते.

पोरगा सभ्य होता, त्यानं समजावून सांगितलं. आपल्या गावाची नगरपंचायत झाली, म्हणजे आपण आता शहरी माणसं. शहरातल्या झाडांसाठी १९७५चा कायदा आहे आणि त्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. पन्नाशीचं किंवा त्याहून मोठं झाड म्हणजे वारसावृक्ष. ते तोडायची परवानगी मिळालीच, तर झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायची, सहा ते आठ फूट उंचीची, आणि सात वर्षं जगवून दाखवायची. "तर काय लिहू सर? किती वर्षांचं आहे?"

या प्रश्नाचं उत्तर अख्ख्या सावली गावाला पाठ आहे. मीच पाठ करून घेतलंय.

१९३६ साली गांधी सेवा संघाच्या अधिवेशनासाठी गांधीजी सावलीला आले होते. खादीचं मोठं केंद्र होतं इथं. इथवर इतिहास, पुढचं माझं. १९८६ मध्ये त्या भेटीला पन्नास वर्षं झाली म्हणून शाळेत कार्यक्रम होता. भाषणाच्या भरात माझ्या तोंडून निघून गेलं की आमच्या अंगणातल्या मोहाखाली बापू घटकाभर टेकले होते. टाळ्या पडल्या. टाळ्या पडलेलं वाक्य मागं घ्यायची माझी पद्धत नव्हती. उलट पुढच्या वर्षी मी त्या वाक्याला पार बांधला. बापू टेकले म्हणजे झाड तेव्हाच डेरेदार असणार, निदान पन्नास वर्षांचं. मग दर पंधरा ऑगस्टला त्यात चालू वर्ष मिळवत गेलो. त्या हिशेबानं आज ते एकशे चाळीसच्या घरात जातं. जन्मभर दारूला विरोध करणाऱ्या माणसाला आपण मोहाखाली बसवून ठेवलंय, हे माझ्या लक्षात यायलासुद्धा बरीच वर्षं गेली.

एकशे चाळीस झाडं, आणि सात वर्षं! मी खिडकीसमोर उभ्या उभ्या मोहाचं वय उतरवायला लागलो. शंभर केलं. ऐंशी केलं. एकोणपन्नासपर्यंत आलो तेव्हा स्वतःचीच लाज वाटली. केसांच्या कलपाबाबतही माझं असंच झालं होतं. अर्जाची घडी घालून घरी आलो.

"पन्नाशी झाली की झाडाचा वारसा होतो म्हणे," मी हिला म्हणालो.

"आणि माणसाचा पसारा," ही म्हणाली.

झाड काढायचा विषय निघाला तो गेल्या मृगात. रात्री अडीच वाजता एक फांदी स्वयंपाकघराच्या कवेलूंवर आली. आम्ही दोघं शेजारच्या खोलीत होतो म्हणून हा लेख होतो आहे. मग बुंध्याशी तपकिरी, लाकडासारख्या टणक छत्र्या उगवल्या. नागपूरहून मुलानं फोटो पाहून निकाल दिला, "बाबा, उतरवून टाका." त्या जागी त्याला गाडी लावायची आहे हे तो बोलला नाही, पण फोटोवर लाल रेघ मारून पाठवली ती गाडीच्याच मापाची होती. एक ठेकेदार म्हणाला, मजुरी नको, लाकूड घेऊन जातो. साग, आंबा, चिंच, हिरड्यासारखा मोहही १९६४च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहे, असं मी त्याला सुनावलं. तो म्हणाला, "सर, लिस्टमध्ये तर सगळेच असतात." आमच्याकडचा साग २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी वाजतगाजत गेला. मोहाच्या लाकडाची मिरवणूक चुलीपर्यंतच.

मोहावर कोट्या फार होतात. 'सरांचा मोह सुटत नाही' ही कोटी माझ्या निवृत्तीच्या समारंभात चार वक्त्यांनी केली आणि चौघांनाही ती आपलीच वाटली. खरी गंमत मात्र दारूबंदीची, आणि ती सांगितल्याशिवाय माझ्यानं पुढं जाववणार नाही. गडचिरोलीत दारूबंदी १९९३पासून. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात ती आली १ एप्रिल २०१५ला, म्हणजे मोह गळण्याच्या ऐन हंगामात. पहाटे अंधारात टप् टप् सुरू होतं आणि उजाडेपर्यंत अंगणभर पिवळट पांढरा सडा पडलेला असतो. आणि तो वास! सरकारनं बंदी घातली त्या सकाळी माझं अंगण गुन्ह्यासारखं दरवळत होतं. आता, फुलात नशा नसते. फूल नुसतं गोड असतं. ते भिजवून, आंबवून, भट्टी लावल्याखेरीज दारू होत नाही. हे मी प्रत्येक पाहुण्याला दारातच सांगू लागलो. जितकं सविस्तर सांगावं तितका पाहुणा विचारात पडे, मास्तरांना एवढं कसं ठाऊक? सकाळी फिरायला निघालो की लोक दोन हात लांबून नमस्कार करत आणि वारा कुठून येतो ते बघत. त्यातच एका व्यसनमुक्ती सभेचा अध्यक्ष मी, आणि झाड ऐतिहासिक म्हणून सभा माझ्याच अंगणात, सकाळी आठला. पाहुण्या वक्त्यांच्या पांढऱ्या टोपीवर एक फूल पडलं. मग दुसरं. तिसरं पडलं ते पाण्याच्या पेल्यात. बोलता बोलता त्यांनी पेला उचलला, प्याले, क्षणभर थांबले. एका फुलानं काही होत नाही हे मी शपथेवर सांगतो. पण त्यानंतर भाषण रंगलं, हेही शपथेवर सांगतो. २०२१ मध्ये बंदी उठली. वास होता तोच राहिला, पण सकाळी कुणी माझ्याकडे वळूनही बघेना. खोटं कशाला बोलू, थोडं वाईट वाटलं.

असो. लाकडाचं काम जाणणारा एक म्हातारा बोलावला. कुऱ्हाडीच्या तुंब्यानं ठोकत तो बुंध्याभोवती फिरला. मावळतीच्या अंगाला आवाज बदलला, रिकाम्या माठासारखा आला.

"पोकळ?" मी विचारलं. "म्हणजे मेलं?"

"पोकर झाला मंजे मेला नाई मास्तर. जीव सालीखाली रायते." मग त्याची नजर खाली गेली. मुलाच्या साक्षगंधाला फोटोत चिखल दिसू नये म्हणून मी थेट बुंध्याला भिडवून पेव्हर ब्लॉक बसवून घेतले होते. तो बराच वेळ ते बघत राहिला. "काहून जी, पानी कुठून पेल तो?"

त्याचा सल्ला साधा होता. घरावरची वाळकी फांदी उतरवा, ब्लॉक काढा, दोन पावसाळे पाहा. आलापल्लीच्या जंगलात सहा हेक्टरांचा एक तुकडा जैवविविधता वारसास्थळ म्हणून राखलेला आहे. तिथली झाडं म्हातारी होतात आणि आपल्या वेळेला पडतात, कुणी अर्ज करत नाही. पण त्यांच्याखाली कुणाचं स्वयंपाकघरही नाही.

झाडाचं खरं वय सांगितलं ते शेजारच्या बुढीनं. मी तिला माय म्हणतो. लग्न होऊन ती इथं आली १९६१च्या सुमाराला. "मी आलो तवा हा मोह माह्या मनगटाएवढा होता," ती म्हणाली, "अन् तुमी अंगनात बिनचड्डीचे फिरत होते." म्हणजे मोह आणि मी एका वयाचे. बापू आले तेव्हा आम्ही दोघंही नव्हतो.

फेब्रुवारी सरत आला की माय झाडाखालची जागा झाडून, सारवून ठेवते. पहाटे टोपली घेऊन येते, फुलं वेचते, वाळवते. पुढं टोळ, म्हणजे मोहाची फळं, आली की त्यांच्या बियांचं तेल काढते. एकदा मी मोठ्या मनानं म्हणालो होतो, "माय, हे झाड तुझंच समज." तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं तिचंच घर मी तिला भेट देत होतो. आता झाड उतरवायचं म्हटल्यावर ती रागावली नाही. टोपली कमरेला घेतली आणि म्हणाली, "मंग सून जंगलात जाईल."

आमच्याकडे या वाक्याचा अर्थ विचारावा लागत नाही. मोह पहाटेच्या अंधारात, खाली वाकून वेचावा लागतो. मे २०२५ मध्ये शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. हंगाम आला की अशा बातम्या येतात, मी त्या चहाबरोबर वाचतो, आणि कप खाली ठेवताना खिडकीतून माय वाकलेली दिसते. चाळीस वर्षं मी त्या झाडाखाली बापूंना बसवत होतो. तिथं रोज कोण बसतं ते कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, कुणी नाही.

फांदी उतरवली, रीतसर परवानगी घेऊन. या वेळी रकान्यात लिहिलं, 'अंदाजे ७१'. पोरानं ते दोनदा वाचलं. "सर, हे झाडाचंच ना?"

ब्लॉक मी स्वतः सब्बलीनं उखडले, आठ दिवस लागले. फाटकाशी रचून ठेवले आहेत. कुणाला हवे असतील तर गाडी घेऊन या, पैसे नकोत. दोनशे बारा आहेत. हा आकडा मोजलेला आहे.